भिंत बघणारी सुलूआत्या

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. नवा फ्लॅट घेतलाय, भिंतींना वॉलपेपर लावायचाय. "काका, हॉलला कापडासारखा, बेडरूमला मोठ्या फुलांचा आणि किचनला विटांच्या डिझाइनचा बघून ठेवलाय. चालेल ना?"

मी घसा साफ केला. "किचनच्या त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"पलीकडे?"

"बाथरूम आहे का?"

तिकडे फ्लॅटचा नकाशा उलगडल्याचा आवाज. मग म्हणाला, "हो."

"मग ती भिंत सोड. आणि बेडरूमचं एक पावसाळा गेल्यावर बघू."

फोन ठेवला तर बायको, म्हणजे मंगल, म्हणाली, "अगदी आत्या बोलल्यासारखं वाटलं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच ती पुढं म्हणाली, "फरक एवढाच, की आत्यांना त्यातलं कळत होतं." चढलेलं मांस तिथल्या तिथं उतरलं.

सुलूआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. तरी महाडात कुणाला घर सजवायचं असलं की लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, कारण मी तिचा भाचा. मी कचेरीत कारकून. आयुष्यभर कागदांवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारत आलोय, कागदाशी माझा संबंध तेवढाच. पण आत्याचं नाव निघालं की माझी पाठ आपोआप ताठ होते आणि मी सल्ला देऊन मोकळा होतो.

पोलादपूरच्या वर डोंगरात वीस-बावीस घरांची आमची वाडी. लग्न होऊन आत्या मुंबईला गेली तेव्हा तिचे यजमान, आमचे आतोबा, मोठ्या लोकांच्या घरी भिंतींना कागद लावायचं काम करत. काही वर्षांनी ते शिडीवरून पडले आणि कमरेत कायमचे वाकले. तोवर आत्या नुसती गोंदाची बादली उचलायला जायची. त्यानंतर ती शिडीवर, आणि आतोबा खाली खुर्चीत बसून, "डावीकडं. जरा डावीकडं. आता तुझं डावं नको, माझं डावं." साडीवर आतोबांचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट आणि शर्टाच्या खिशात कटर, हा तिचा वेष. लग्नकार्यातसुद्धा ती सवयीनं छातीवरचा खिसा चाचपायची.

वीस वर्षं मुंबईच्या भिंती मढवून झाल्यावर एक दिवस ती आतोबांना म्हणाली, "आपल्या गावच्या भितींनी काय घोडं मारलंय?" आणि दोघं महाडला आली.

आता महाड हे काही कागद लावायचं गाव नव्हे. एका अंगाला सावित्री नदी, दुसऱ्या अंगाला गांधारी, आणि दोघींना एकमेकींना भेटायची हौस आली की त्या बाजारपेठेतून जातात. आमच्याकडं घरोघरी भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ असते. पाहुणा आला की चहाच्या आधी ती रेघ दाखवतात. अशा गावात आत्यानं वॉलपेपरचं दुकान काढलं, तेही जिना चढून पहिल्या मजल्यावर. समोरच हार्डवेअरचं मोठं दुकान होतं बाबूशेठचं. दुकानाचं उद्घाटन म्हणजे नारळ आणि पेढे. पेढा तोंडात टाकत बाबूशेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "आत्याबाई, महाडात टिकणारा कागद एकच. नोटेचा. तोसुद्धा माळ्यावर ठेवला तर."

सगळे हसले. आत्याही हसली. मग म्हणाली, "शेठ, पाच माणसं हाईत तर बोलूनच टाकते. मी लावलेला कागद एका जरी पावसाळ्यात सुटला, तर त्या दिवशी दुकानाची चावी तुमच्या हातावर. परत शटर उघडायची नाय."

आतोबांच्या घशात पेढा अडकला. सगळी जमापुंजी त्या शटरमागं होती.

तेव्हापासून दरवर्षी पावसानं जोर धरला की बाबूशेठ आपल्या गल्ल्यावरून वर बघून ओरडायचे, "आत्याबाई, चावी?" आणि आत्या गॅलरीतून खाली म्हणायची, "वाट बघा." हे दहा-अकरा वर्षं चाललं. त्यात आतोबा गेले, बाबूशेठचे केस गेले, पण कागद काही सुटला नाही.

तो का सुटत नव्हता, त्याचं कारण साधं होतं. आत्या विकण्यापेक्षा नाही म्हणण्यात हुशार होती. तिचा पहिला नियम, भिंत बघायला पावसात यायचं. मे महिन्यात कुणी बोलावलं तर म्हणायची, "मेमधी सगळ्याच भिती शहाण्या असतात. आषाढात बोलवा, मग कळंल कोण कशी हाय ती." दुसरा नियम तळमजल्याचा. तळमजल्याला ती हात लावायची नाही. "खालचा मजला नदीचा, वरचा तुमचा. दुसऱ्याच्या भितीला मी कागद लावत नाय." देवघराला कागद नाही, नुसता चुना. "देवाला धूर आवडतो, कागदाला नाय." फोडणीच्या मागं टाइल, आणि पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला आतून काहीही नाही, मग घरधनी कितीही पाया पडो.

एवढ्या चाळणीतून जी भिंत उरायची तिच्यावर ती प्लास्टिक लावायची. वीतभर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन, चारी बाजूंनी टेपनं गच्च चिकटवलेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला येऊन बघायचं. आत दव धरलं असलं तर भिंत ओली, कागद नाही. विषय संपला. काही घरांत तिनं तीन-तीन वर्षं नुसती प्लास्टिकं चिकटवली. लोक चिडायचे, पण दुसऱ्याकडं जायचे नाहीत. कारण दुसऱ्याचा कागद दसऱ्यापर्यंत पापडासारखा फुलायचा.

भिंत पास झाली की मग खोलीत बसणं. हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी हॉलसाठी सोनेरी फुलांचा चकचकीत कागद पसंत केला होता. आत्या त्यांच्या हॉलमध्ये दुपारी चार ते सहा नुसती बसून राहिली. चहा आला, प्याली. दुसरा आला, तोही प्याली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, म्हातारीला चक्कर आली की काय. सहा वाजता आत्या म्हणाली, "डॉक्टरसाहेब पेपर वाचताना डोकं कुठं टेकतात, त्ये दिसलं. तिथं तेलाचा डाग हाय. म्हणजे पुसता येईल असा कागद हवा. आणि उतरतं ऊन या भितीवर आडवं पडतं. चकचकीत लावलात तर गवंड्यानं केलेले सगळे उंचवटे पाहुण्यांना मोजता येतील. बिनचमकीचा घ्या, जाड विणीचा."

"पण मला सोनेरीच हवा होता हो."

"मग सोनं गळ्यात घाला गो बाई. भितीला कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी जाड विणीचाच लावला. आजही तो तसाच आहे, आणि आजही त्या सांगताना म्हणतात, मीच निवडला.

पोरांच्या खोलीला ससे, हत्ती, मोटारी असले कागद ती दाखवायचीच नाही. "पोरगं चार वर्षांत मोठं होतं. भितीवरचा ससा नाय होत. मग त्याचं पोरालाच वझं वाटतं." माझ्या मुलीनं हट्ट केला तेव्हा आत्यानं तिच्या खोलीला फिकट पिवळा साधा कागद लावला आणि दाराशेजारी हाताच्या उंचीवर एक लाकडी फळा ठोकून दिला. "हितं काढ तुझा हत्ती. आणि कंटाळा आला की पूस."

पण आत्याबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो बिरवाडीच्या तात्यांच्या गोष्टीचा. तात्या म्हणजे निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या मुलानं आत्याला वरच्या खोलीसाठी बोलावलं होतं. मधल्या मजल्यावर जिन्याजवळ तात्यांची खोली. आत्या जाता जाता थांबली. तात्या पलंगावर गुडघ्यांवर बसून भिंत नखांनी खरवडत होते. भिंतीला कुणा दुसऱ्याकडून लावून घेतलेला कागद होता, बारीक बारीक पानांचा. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "असंच चालतं दिवसभर. मुंग्या आल्या, मुंग्या आल्या. डोक्यावर परिणाम झालाय. मुंबईला दाखवायचं ठरलंय."

आत्यानं वरच्या खोलीचं नावच काढलं नाही. तात्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि भिंतीकडं बघितलं. मग मुलाला म्हणाली, "ये रे, तू पण बघ."

त्यानं चष्मा लावला आणि नकळत भिंतीपासून मागं सरकला.

"मला पण मुंग्याच दिसतात," आत्या म्हणाली. "गुरुजींच्या डोक्याला काय झालं नाय. भितीच्या डोक्याला झालंय."

भिंत कोरडी निघाली, तशी चार दिवसांनी तिनं ती खोली मोकळी केली आणि बिननक्षीचा, दुधात हळद टाकावी तशा रंगाचा कागद लावला. संडासाच्या दाराभोवती मात्र गडद निळी पट्टी फिरवली, म्हणजे तात्यांना दार चाचपत शोधावं लागू नये. मुंग्या गेल्या. मुंबईला जाणं रद्द झालं. तात्यांनी आत्याला आशीर्वाद म्हणून एक पत्र लिहिलं, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आत्याला वाचायला जेमतेम यायचं. तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "जरा सावकाश वाच रे. कचेरीतलं वाचल्यासारखं नको."

अशी ही बाई. आणि तिचं दुकान बंद पाडलं ते तिच्या सख्ख्या भाच्यानं. म्हणजे अस्मादिकांनी.

त्याचं असं झालं. आमचं घर महाडात दुसऱ्या मजल्यावर. गणपती आमच्याकडं पाच दिवसांचा, आणि मुंबईची सगळी भावंडं, त्यांची पोरं, जावई, झाडून यायची. मुंबईकर आले की त्यांचं पहिलं काम म्हणजे घर बघणं आणि दुसरं, काही न बोलणं. मखरामागची आमची भिंत पश्चिमेची. तिला बुरशीचे ढग यायचे, त्यावर आम्ही दरवर्षी साडी लावायचो. त्या वर्षी धाकट्या भावाची सून पहिल्यांदा येणार होती. माझ्या डोक्यात बसलं, की यंदा साडी नाही, कागद. तोही आत्याच्या हातचा.

आत्या म्हणाली, "पश्चिमेची हाय. नाय जमायचं."

"आत्या, आता वरच्या गच्चीची दुरुस्ती केलीय. बाहेरून पत्रे मारलेत. एकदा प्लास्टिक तर लाव."

पत्रे मारले होते हे खरं होतं. गच्चीची दुरुस्ती मी मनात केली होती.

आत्या येईपर्यंत मी आठवडाभर त्या भिंतीची सेवा केली. बुरशी घासली, दोन हात पुट्टी मारली, समोर टेबलफॅन लावला आणि सकाळ-संध्याकाळ मंगलच्या केस वाळवायच्या मशिननं भिंत शेकली. मंगल म्हणाली, "माझ्या केसांकडं लग्नात तरी एवढं बघितलं होतंत का?" श्रावणातल्या एका सकाळी आत्यानं येऊन प्लास्टिकचा चौकोन चिकटवला. म्हणाली, "उद्या ह्याच टायमाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी बघतो तर प्लास्टिकच्या आत मोत्यांची रांग लागलेली. तिला यायला अजून दोन तास होते. मी तो चौकोन काढला, भिंत फडक्यानं पुसली, तस्साच दुसरा कोरडा चौकोन कापला आणि त्याच जागी, त्याच टेपच्या खुणांवर चिकटवला. हात इतका सरळ मी कचेरीतही कधी चालवला नव्हता.

आत्या आली. चौकोनाकडं बघितलं. भिंतीला नाक लावलं. मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं.

"गच्ची केलीस ना रे, सुध्या?"

"केली."

"बरं."

गणपतीच्या चार दिवस आधी तिनं कागद लावला. फिकट केशरी, त्यावर जेमतेम दिसेल अशी वेलाची वीण. मखर उभं राहिलं आणि देव बसले तेव्हा मुंबईची मंडळी खरोखर गप्प झाली, पण वेगळ्या अर्थानं. नव्या सुनेनं फोटो काढले. मी "आमच्या आत्याचं काम" असं सांगत पंधरा जणांना तरी भिंतीला हात लावायला लावला. आता वाटतं, निम्मा ओलावा त्या हातांचाच असावा. पण हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणतोय.

बाहेर तीन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला घर भरलेलं. बाबूशेठ सपत्नीक आलेले, डॉक्टरीणबाई आलेल्या, खालच्या गल्लीतली माणसं जिन्यापर्यंत उभी. पहिली आरती संपत आली आणि मला दिसलं, की मखराच्या वर, छताजवळ, कागदाचा कोपरा जरासा पुढं आलाय. मी डोळे मिटले. भक्तीनं नव्हे. उघडले तेव्हा कागद वीतभर सुटला होता आणि देवाच्या मुकुटावर वाकून बघत होता.

आत्यानं ते माझ्या आधी पाहिलं होतं. ती टाळ्या वाजवत वाजवतच गर्दीतून पुढं आली, बाजूचं स्टूल ओढलं, चढली, आणि हात उंच करून तळव्यानं कागद भिंतीला दाबून धरला. दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरला आणि आरती म्हणू लागली. आमच्या घरात प्रत्येक मुंबईकराची आवडती आरती वेगळी. मला त्या दिवशी कळलं, की आपल्याकडं आरत्या किती आहेत. एक संपली की दुसरी. सत्तरीला टेकलेली बाई, हात वर. दंड भरून आला तेव्हा तिनं हात बदलला, पण सूर सोडला नाही. मंत्रपुष्पांजली झाली, फुलं वाहिली, तरी ती तशीच.

मंगल म्हणाली, "आत्या, उतरा आता."

"आधी खिरापत वाटा," आत्या म्हणाली. "तोंडं गोड झाली की मी हात काढते."

खिरापत वाटली. तिनं हात काढला. सबंध पट्टा वरून खालपर्यंत सुटला, तो तिनं देवाच्या अंगावर पडू न देता अल्लद बाजूला घेतला. मागं हिरवा-काळा नकाशा.

आणि बाबूशेठच्या तोंडून, दहा-अकरा वर्षांची सवय ती, निघून गेलं, "आत्याबाई, चावी?"

बोलले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. आत्या स्टुलावरून उतरली, कमरेची पिशवी सोडली, दुकानाची चावी काढली. बाबूशेठच्या हातावर खिरापत होती, तिच्या शेजारी तिनं चावी ठेवली.

"पाच माणसांत बोलले होते. ही पाचापेक्षा जास्त हाईत."

मी कुठं होतो? मी निरांजनातली वात सारखी करत होतो. ती सारखीच होती, तरी करत होतो. मंगल माझ्याकडं बघत होती. बत्तीस वर्षांत तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नाही. अखेर मीच बोललो. समयीकडं तोंड करून, पण बोललो.

"शेठ, चावी परत द्या. आत्याची चूक नाही. प्लास्टिकमध्ये पाणी धरलं होतं. मी ते बदललं. गच्ची पण केलेली नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबूशेठ पटकन चावी पुढं करत म्हणाले, "बघा, म्हणजे शब्द कुठं मोडलाय? घ्या आत्याबाई."

आत्यानं हात मागं घेतला. "कुणामुळं सुटला, असं कुठं बोलले होते मी? सुटला तर, एवढंच बोलले होते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, आणि आवाजात राग असा नव्हताच, "आणि चूक माझी पण हाय रे. नाकाला वास आला होता ओलीचा. म्हटलं, भाचा खोटं कशाला बोलंल? नाकापेक्षा भाचा मोठा धरला मी."

पाच दिवस तो पट्टा तसाच राहिला. मी वरून साडी लावायला निघालो तर ती म्हणाली, "नको. देवाला दिसलंय, आता माणसांपासून काय झाकायचं?" विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती वाडीवर गेली.

महाडात शटर बंद. पहिल्या आठवड्यात लोक कुजबुजले, दुसऱ्यात मला थांबवून विचारू लागले. डॉक्टरीणबाईंनी माझा रक्तदाब तपासला आणि म्हणाल्या, "वाढलाय. वाढायलाच हवा." बिरवाडीच्या तात्यांनी मला पत्र पाठवलं. एकाच ओळीचं. ते मी कुणाला दाखवलं नाही. गच्चीची दुरुस्ती मी त्या हिवाळ्यात खरोखर केली, आणि प्रत्येक पाटी सिमेंटबरोबर गवंडीसुद्धा मला काहीतरी बोलून गेला.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी बाबूशेठ गाडी घेऊन दारात उभे. "बसा," म्हणाले. कुठं ते विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. पोलादपूर मागं टाकलं, कशेडी घाटाकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग सोडून आम्ही डोंगराकडं वळलो. आत्या अंगणात नाचणीची कणसं झोडत होती. आम्हाला बघून थांबली नाही.

बाबूशेठ उभ्याउभ्याच म्हणाले, "आत्याबाई, चावी घ्या."

"शब्द दिलाय, शेठ."

"तुम्ही चावी द्यायचा शब्द दिला होता, तो पाळलात. आता चावी माझी. खरं ना?"

"खरं."

"मग माझी चावी मी कुणाला द्यायची, ते माझं मी ठरवणार. पुन्हा शटर उघडायचं नाही म्हणालात, बरोबर. तुम्ही उघडू नका. रोज सकाळी मी येऊन उघडीन."

आत्याचा हात थांबला. ती पदर तोंडाला लावून हसली, पण हात पुढं केला नाही. तेव्हा बाबूशेठ ओट्यावर बसले आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "माझ्या आईच्या खोलीला कागद लावायचाय. वर्षभर अंथरुणात आहे. दिवसभर भिंतच बघते. आणि आधीच सांगतो, टाकीचा पाइप त्याच भिंतीतून गेलाय. गेल्या वर्षी गळला होता. मी वरून पुट्टी मारली आणि कुणाला बोललो नाही."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "ऐकलंस? असं सांगायचं असतं."

आठवड्याभरात आत्या महाडला परतली, आणि तेव्हापासून बाबूशेठ खरोखर रोज सकाळी जिना चढून आत्याचं शटर उघडायचे आणि मग आपलं. आणि महाडात एक नवीच गंमत सुरू झाली. आत्या भिंत बघायला आली की लोक आपणहून सगळं कबूल करू लागले. कुठं नळ पाझरतो, कुठं पोरानं खिळा ठोकून भोक पाडलं, कुठं सासूनं पाण्याचा तांब्या लवंडला. डॉक्टरला सांगणार नाहीत, ते आत्याला सांगायचे. माझ्यामुळं गावाला एक चांगली सवय लागली, असं मी एकदा मंगलला म्हणालो. तिनं केस वाळवायचं मशिन कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बाबूशेठना मात्र आत्यानं पुढच्या आषाढापर्यंत थांबवलं. पाइप बदलून घेतला. मग एका सकाळी मला निरोप आला, "शेठच्या घरी ये." मी गेलो. तिनं प्लास्टिकचा चौकोन आणि टेप माझ्या हातात दिली. "मला आता तिथवर वाकवत नाय. तू लाव. उद्या तूच बघ." मी लावला. दुसऱ्या दिवशी बघितला. दोन दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा बघितला. दोन्ही वेळा कोरडा निघाला, असं तिला जाऊन सांगितलं. तिनं फिरून विचारलं नाही, सरळ नमुन्यांची वही काढली.

कागद निवडायच्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा आत्या खोलीत दिसेना. मग बघतो तर पलंगावर. शेठची आई भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडलेली, आणि तिच्यामागं, तशीच भिंतीकडं तोंड करून, तिच्याच उशीवर डोकं ठेवून आत्या पडलेली. अंगात आतोबांचा शर्ट. आजारी माणसाला जी भिंत दिसते ती पडूनच बघायला हवी, उभ्यानं बघून काय कळणार, असा तिचा हिशेब. समोर भिंतीशी अख्ख्या बाजारपेठेत दरारा असलेले बाबूशेठ उकिडवे बसून, गुडघ्याच्या उंचीवर नमुन्यांचे तुकडे धरत होते.

"हा?" बाबूशेठनी विचारलं.

"नाय," आत्या म्हणाली. "खालच्या अंगाला काय तरी पायजेल. वर साधा असूंदे. माणूस पडल्यावर वर बघत नाय."

"हा?"

"ह्यात रेघा हाईत. मोजत बसतील."

"बाबू," शेठची आई म्हणाली, "सरळ धर. लहानपणापासून तुझं तेच."

बाबूशेठनी सरळ धरला. फिकट निळा होता, खालच्या बाजूला पांढरी, विरळ गवताची पाती. दोघी म्हाताऱ्या बराच वेळ बघत राहिल्या. बाहेर पावसाची सर येऊन गेली.

बाबूशेठ मान वळवून म्हणाले, "आत्याबाई, टिकेल ना इथं?"

आत्या हललीसुद्धा नाही. "मला काय विचारता? भित माझ्या भाच्यानं बघितलीय."

बाबूशेठनी उकिडव्यानंच माझ्याकडं वर पाहिलं.

"टिकेल," मी म्हणालो.

"मग हाच," आत्या म्हणाली, आणि शेठच्या आईच्या खांद्यावरून हात पुढं करून तिनं त्या निळ्यातलं एक गवताचं पातं बोटानं दाखवलं. "ह्ये तुमच्या नाकासमोर येईल असं लावते, चालंल?" म्हातारी "चालंल" म्हणाली, आणि दोघी तशाच पडून राहिल्या.